जित्या नाखव्याचं सुतक

पडदा वर जातो. रंगमंचावर सामान थोडंच आहे. डाव्या अंगाला लाल रंगाची, पत्र्याच्या छपराची एक लहानशी खोली, तिच्या खिडकीत कॉफीचा थर्मास. मधोमध काँक्रीटचा उतार, सरळ पाण्यात शिरलेला. उजवीकडे झेंड्याचा पांढरा खांब आणि त्याच्या टोकाला लांब, अरुंद पताका. मागे पाणी, नोव्हेंबरातलं, शिशाच्या रंगाचं, एकही लाट नसलेलं. पाण्यावर पिवळा, सपाट तराफा. त्याच्यावर चार-सहा मोटारी मावतात. या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी तार टाकलेली आहे, आणि त्या तारेला धरूनच तो जातो-येतो. आता तार ताणली जाते, कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज येतो आणि तराफा आपल्याकडे सरकायला लागतो. माणूस अजून दिसत नाही. आधी त्याचा आवाज येतो.

"हँडब्रेक लावा! लावला? मग पुन्हा लावा!"

हा रुनार. रुनार सेडरलॉव, तालहोल्म बेटाचा नाखवा. पलीकडच्या काठावरून तुर्कू शहराचा रस्ता सुरू होतो. अलीकडे आम्ही: एक चर्च, डोरिसचं दुकान, थोडी घरं, आणि उन्हाळ्यात मोकळ्यावर होणारं नाटक. त्या नाटकासाठी मी तुर्कूची रंगभूमी सोडून इथे आले आणि इथलीच झाले. माझं घर धक्क्याच्या अगदी वर आहे. त्यामुळे रुनारचं आयुष्य मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं असं म्हणायला हरकत नाही.

अंगाने जाड, आवाजाने त्याहून जाड. डोक्यावरची कानटोपी मे महिन्याशिवाय उतरायची नाही. खिशात काळ्या, खारट गोळ्या असायच्या. समोरच्याला न विचारता त्या तो तळहातावर ठेवायचा, आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत की खूश व्हायचा. एकदा खुद्द बिशप त्याच्या तराफ्यावर चढले. रुनारने त्यांच्या मोटारीच्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, "देवावर भरवसा ठेवा, पण हँडब्रेकसुद्धा लावा." त्याचा बाप हाच तराफा चालवायचा, तेव्हा तार हाताने ओढावी लागे. लग्नाचं विचारलं की रुनार म्हणे, "तराफा जातो तसा परत येतो. बायकोचं तसं सांगता येत नाही."

त्याचं म्हणण्यासारखं एकच माणूस होतं, मोठी बहीण गुनवोर. ती आल्शेरवर राहायची. आल्शेर म्हणजे उघड्या समुद्रात एक खडक, त्यावर एक घर आणि काही मेंढ्या. नवरा गेल्यावरही तिने तो खडक सोडला नाही. तिच्या स्वयंपाकघरातून दुर्बिणीने आमचा धक्का दिसतो. रोज सकाळी ती खांबावरची पताका बघायची. पताका वर असली म्हणजे रुनार उठला, कॉफी प्याला, जिवंत आहे. आणि रुनार तिच्या धुराड्याचा धूर बघायचा. फोन दोघांकडेही होते, पण फोनवर बोलणं सुरू झालं की तिसऱ्या वाक्याला भांडण ठरलेलं. पताका आणि धूर यांचं मात्र कधी भांडण झालं नाही.

आता एल्लेनचं सांगते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. एल्लेन लहानपणी दर उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या घरात यायची आणि दिवसभर तराफ्यावर बसून चित्रं काढायची. मोठी होऊन ती तुर्कूला एका मोबाइलच्या खेळाच्या कंपनीत चित्रकार झाली. त्यांनी 'धुक्यातली बेटं' नावाचा खेळ काढला. वाट चुकलेली माणसं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात, आणि त्यांना पलीकडे नेतो एक म्हातारा नाखवा. जाड, कानटोपीवाला. एल्लेनने दुसरा कोणी शोधलाच नव्हता. खेळ जगभर गेला. कुठल्या कुठल्या देशातली मुलं रुनारच्या पोटाला बोट लावून त्याला हसवू लागली. खेळातला नाखवा खोल आवाजात म्हणतो, "बसा. मागे वळून पाहू नका." रुनारने हे ऐकलं तेव्हा तो चिडला. "मागे वळून पाहू नका? मी असं कधी म्हणेन? मागे बघितलं नाही तर मागची मोटार पाण्यात जाईल की!"

मग चाहते यायला लागले. तराफ्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करायचे. त्यांच्यात ओत्सो नावाचा एक उंच, लाल दाढीचा माणूस होता. तो तांपेरेच्या इस्पितळात म्हाताऱ्या रुग्णांची शुश्रूषा करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी खेळण्यातले प्लास्टिकचे ठोकळे जोडून काय काय बांधायचा. आम्ही बेटावरचे स्वीडिश बोलतो, आणि त्याची फिनिश जीभ त्यात अडखळायची, म्हणून तो हळू आणि फार अदबीने बोलायचा. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात. रुनारला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिलाच. त्याने घरच्या ठोकळ्यांतून आमचा तराफा हुबेहूब बांधून आणला.

रुनारने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "आणि हा मी?"

"हो, नाखवा. हे तुम्ही."

"माझं पोट कुठाय?"

"गोल ठोकळा मिळाला नाही."

"मग राहू दे. डॉक्टर खूश होईल."

पुढच्या वर्षी खरी बातमी आली. ठोकळ्यांच्या एका मोठ्या कंपनीने 'धुक्यातली बेटं'चे संच काढायचं ठरवलं होतं. पहिलं चित्र आलं त्या दिवशी धक्क्यावरच्या लाल खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे आपापल्या मोबाइलवर चित्र मोठं करकरून बघत होते आणि नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर होतो तसा कालवा चालला होता. पिवळा रंग चुकलाय, हा लिंबाचा पिवळा, तराफ्याचा नव्हे. तराफ्याचं नाव ठोकळ्यावर छापलेलं नाही, चिकटवायचा कागद दिलाय, हा चाहत्यांचा अपमान आहे. नाखव्याला नाक नाही. एक बाई आनंदाने रडत होती. एक जण टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मी हा कचरा घेणार नाही!" त्याची बायको म्हणाली, "सकाळीच दोन मागवलेस ना रे?" तो म्हणाला, "ते ठेवायला. जोडायला नाही." रुनार खिडकीतून डोकं घालून सगळं ऐकत होता. माझ्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "ब्रिता, तुझ्यावर टीका लिहायचे तेव्हा तुझं नाक तरी शाबूत ठेवायचे ना?"

तो शेवटचा हसरा प्रसंग. ऑक्टोबरात तिसऱ्या खोक्याचं, म्हणजे तिसऱ्या संचाचं, चित्र बाहेर आलं. ते बाहेर यायला नको होतं. कुठल्यातरी दुकानाच्या गोदामातून कोणीतरी चोरून फोटो काढला होता. तोच पिवळा तराफा, भोवती धुक्याचे दुधी ठोकळे. तार सैल. तराफ्यावर माणूस नाही. फक्त कानटोपी पडलेली. खोक्यावर नाव होतं: 'रिकामा तराफा'.

या चाहत्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खेळाचा पुढचा भाग यायच्या आधी खेळण्यांचे खोके तयार होतात. त्यामुळे पुढे काय होणार ते खेळ सांगायच्या आधी खोका सांगून टाकतो. चित्र पाहून त्यांनी एकच अर्थ काढला. नोव्हेंबरात नवा भाग येतोय आणि त्यात नाखवा मरणार.

पुढच्या शनिवारी ते आले ते काळे कपडे घालून. तराफ्याच्या कठड्यावर प्रत्येकाने एकेक पिवळा ठोकळा ठेवला. एका मुलीने रुनारचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्या तळहातावर गोळी ठेवली, तर तिने ती खाल्लीही नाही. रुमालात बांधून नेली.

"ब्रिता," संध्याकाळी तो मला म्हणाला, "माझ्याकडे अशी माणसं आधी कधी बघत नव्हती. गाईला खाटकाकडे नेताना घरातली पोरं बघतात ना, तशी बघतायत."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "अरे, मी तर तुर्कूला विष पिऊन मेले, सुरा खुपसून मेले, एकदा तर नुसती विरहाने मेले. पडदा पडला की उठायचं, तोंड धुवायचं आणि सॉसेज खायला जायचं."

"तुला पुढचा अंक ठाऊक असायचा," तो म्हणाला.

मग सर्व संतांचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे ठेवतो. जाड, पांढरे, वाऱ्यात न विझणारे. चर्चमागचं सगळं आवार त्यांनी उजळून जातं. परतताना पाहिलं तर धक्क्यावरही दिवे होते, उताराच्या दोन्ही बाजूंनी, अगदी पाण्यापर्यंत. चाहत्यांनी लावलेले. दुकानवाली डोरिस माझ्याबरोबर होती. ती जागच्या जागी थांबली.

"हे कोणी केलं?"

"खेळवाली पोरं. ते त्यांच्या नाखव्यासाठी गं."

"जिवंत माणसासाठी दिवा लावत नाहीत, ब्रिता." तिने खाली वाकून एक दिवा विझवला. मग दुसऱ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. "आणि लावलेला विझवतही नाहीत. आता काय करायचं मला कळत नाही." शेवटी ते आपोआप विझेपर्यंत ठेवले. रुनार त्या दिव्यांच्या मधून तराफा लावत होता, काढत होता. हँडब्रेकचं कोणालाही म्हणाला नाही.

त्यानंतर तो तार तपासायला लागला. आधी सकाळी, मग दर फेरीला. काठावर गुडघे टेकून तारेला कान लावायचा. ओत्सो आला की त्याला बाजूला घ्यायचा.

"काय रे, कसा मरतो मी?"

"नाखवा, ते तुम्ही नाही. तो खेळातला."

"बरं, तो. कसा मरतो?"

ओत्सो बूट चाळवत राहिला. "नक्की कोणाला माहीत नाही. काही म्हणतात तार तुटते. काही म्हणतात तुम्ही... तो... धुक्यात कोणाची तरी हाक ऐकतो आणि तराफ्यावरून उतरतो."

"पाण्यात?"

"पाण्यात."

"मूर्ख आहे," रुनार म्हणाला. पण त्याने लगेच पाण्याकडे पाहिलं.

एके दिवशी त्याने माझ्यासमोरच एल्लेनला फोन लावला. मोठ्या आवाजावर ठेवला, मला साक्षीला बसवल्यासारखा. "पोरी, एकच सांग. मारलंस का मला?"

पलीकडे इतकी शांतता झाली की तुर्कूतल्या ट्रामचा आवाज आल्यासारखा मला वाटला, आणि तुर्कूला तर ट्रामही नाही. मग एल्लेन म्हणाली, "रुनार, मला सांगता येत नाही. आम्ही सह्या केल्यात. खरंच सांगता येत नाही रे."

"हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"रुनार, प्लीज."

त्याने फोन खिशात टाकला. "नाही असतं तर म्हणाली असती," तो म्हणाला. रंगभूमीवर मी एक शिकले होते. चांगला नट जिथे गप्प राहतो तिथे प्रेक्षक सगळ्यात भयंकर वाक्य आपण होऊन भरतात.

नवा भाग आणि नवे खोके एकाच दिवशी, दुपारी यायचे होते. चाहते सकाळपासून धक्क्यावर जमले. रुनारला त्यांची तोंडं बघायची नव्हती. सकाळची पाळी त्याने पलीकडच्या बदलीच्या माणसाला दिली आणि दुपारपर्यंत घरातच थांबला. त्याचं घर टेकडीच्या मागे, तिथून धक्का दिसत नाही. मला त्याने माशाच्या सुपावर बोलावलं. एकट्याला जेवण जात नव्हतं, असं तो म्हणाला नाही, पण दोन ताटं मांडून ठेवली होती.

सकाळ स्वच्छ होती. दुपारकडे थंडी वाढली आणि समुद्रातून धुकं उठायला लागलं. आमचं सूप अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात दार वाजलं. दारात डोरिस. अंगात काळा कोट, हातात कापडात गुंडाळलेला गरम पाव. तिची नजर टेबलाकडे गेली आणि ती तशीच उभी राहिली.

"अरे देवा. तू तर जेवतोयस."

"मग काय करू? थंड होतंय."

"मग गेलं कोण?"

रुनारने तिच्यासाठी तिसरी खुर्ची ओढली.

"झेंडा अर्ध्यावर आहे," डोरिस म्हणाली. "धक्क्यावरचा. पताका काढलीय. मला वाटलं तू..."

आमच्याकडे मरणाची बातमी फोनने देत नाहीत. झेंडा अर्ध्यावर आणतात. ज्याला दिसतो तो काळा कोट चढवून, काहीतरी भाजून घेऊन येतो. सुतकाच्या घरी फोन करून 'कोण गेलं हो?' असं विचारणं आमच्याकडे कोणाच्या जिभेवर येणारच नाही. जवळच्या माणसाला बातमी दारात उभं राहून द्यायची. पताका उतरवून झेंडा ओत्सोने अर्ध्यावर चढवला होता. त्याच्या तांपेरेच्या इमारतीतही कोणी गेलं की असंच करतात. नाखव्यासाठी तेवढं तरी करावं असं त्याला मनापासून वाटलं. बदलीच्या माणसाने पाहिलं असेल, पण बेटावरचं कोणी गेलं असेल असं समजून तोही, रीतीप्रमाणे, विचारायला गेला नाही.

रुनारने चमचा खाली ठेवला. "झेंडा कधीपासून आहे?"

"मी पीठ मळायला घेतलं तेव्हा दिसला," डोरिस म्हणाली. म्हणजे पीठ मळून, फुगून, भाजून पाव तयार होईपर्यंतचा वेळ.

त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. रंगभूमीवर तसा चेहरा करता येत नाही. तो खुर्ची पाडून उठला. "गुनवोर," म्हणाला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा आल्शेरचा धूर दिसायचा प्रश्नच नव्हता. खांबाचं वरचं टोकही दिसत नव्हतं. रुनार फोन लावत होता, फोन वाजत होता, आल्शेरवरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात. ती निघाली होती. तिला झेंडा दिसला होता, आणि ती तिच्या छोट्या होडीतून भावाला पोचवायला निघाली होती. चाहत्यांनी त्याला बघितलं आणि ते बाजूला झाले, कुजबुजले, कोणीतरी हुंदका दिला. ओत्सो पुढे आला.

"नाखवा, तुम्ही आज तराफ्यावर नका जाऊ."

"कोणी लावला तो झेंडा?"

"मी. आदराने."

रुनारने त्याला मारलं असतं तर मी अडवलं नसतं. पण तो नुसता म्हणाला, "माझी बहीण बाहेर आहे. ये." आणि तराफ्यावर चढला. मी चढले. ओत्सोही चढला. डोरिस बचाव पथकाला फोन करत राहिली. ते मुख्य भूमीवरून निघणार, या धुक्यात कधी पोचणार कोणास ठाऊक.

खाडीच्या मधोमध रुनारने तराफा थांबवला आणि तार सैल सोडली. तराफा चालू असला की तार पाण्याच्या वर येते. छोटी होडी तिच्यावर आली तर संपलंच. तार खाली जायला हवी होती. मग त्याने भोंगा वाजवला. थांबला. पुन्हा वाजवला. तराफ्यावर आम्ही तिघं, चहूबाजूंना दुधासारखं पांढरं. ओत्सोने तारेकडे बघितलं, धुक्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "हे ते चित्र आहे."

"तोंड बंद," मी म्हटलं.

मग एंजिन ऐकू आलं. टुक, टुक, टुक. जवळ. अगदी जवळ.

"गुनवोर!" रुनार ओरडला. "इकडे! गुनवोर!"

एंजिन क्षणभर थांबलं. मग जोरात सुरू झालं, आणि लांब जायला लागलं. समुद्राच्या बाजूला.

त्याने पुन्हा हाक मारली. एंजिन आणखी लांब गेलं. तो माझ्याकडे वळला. त्याला कळलं होतं, मलाही. इथे प्रत्येक आजीने नातवंडाला सांगून ठेवलेलं असतं: बुडालेलं माणूस धुक्यात नावाने हाक मारतं. ओ द्यायची नाही. दिलीस की त्याच्याबरोबर गेलीस. गुनवोरने झेंडा पाहिला होता. तिच्या दृष्टीने तिचा भाऊ मेलेला होता, आणि तो तिला धुक्यातून नावाने बोलावत होता.

मी ओरडून पाहिलं. नाट्यगृहाच्या शेवटच्या सज्ज्यापर्यंत पोचणारा माझा आवाज, तो धुक्याने घेतला आणि भलत्याच बाजूने मला परत दिला. मला माझेच शब्द कळले नाहीत.

रुनारने कानटोपी काढून फेकली, तिच्यामुळे ऐकू येत नव्हतं. बाजूची वल्ह्याची होडी पाण्यात टाकली, तिला लांब दोर बांधला, दुसरं टोक ओत्सोच्या हातात दिलं. "हा सोडलास तर बघ." आणि दोन वल्ह्यांत तो धुक्यात नाहीसा झाला. ओत्सो दोर सोडत होता, मी भोंगा दाबत होते. तराफ्यावर टोपी पडली होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

दोर संपला. ओत्सोच्या मुठीत ताणून थरथरत राहिला. एंजिन आता बंद पडलं होतं. नुसती शांतता, आणि त्या शांततेत काठावरून अचानक आरोळ्या आल्या. टाळ्या. शिट्ट्या. शंभर माणसं आनंदाने ओरडत होती. कशाला, ते आम्हाला कळेना.

आरोळ्या थांबल्या. आणि मग रुनारचा आवाज आला. या वेळी त्यात हाक नव्हती.

"माझं ड्रिल कुठाय?"

काही नाही.

"जूनमध्ये नेलंस! दोन दिवसांत देते म्हणालीस! आणि बारीक बिटं, तीपण तूच हरवली असशील!"

धुकं. पाणी. मग खूप लांबून, बारीक, चिडका आवाज:

"तुझं? ते बाबांचं आहे!"

"बाबांनी मला दिलं!"

"दिलं नाही! तू घेतलंस!"

"आणि तू काय केलंस मग? कपाटाची खुंटी बसवायला कोण आलं होतं?"

"वाकडी बसवलीस!"

असे ते भांडत राहिले, आणि दोर हळूहळू सैल पडत गेला. भांडणाच्या आवाजावर त्यांनी एकमेकांना शोधलं. नंतर रुनारने सांगितलं, ती त्याच्या होडीजवळ आली तेव्हा तिने हात पुढे केला नाही. आधी वल्ह्याच्या टोकाने त्याच्या छातीत ढोसून पाहिलं. एकदा नाही, तीनदा.

तिला तराफ्यावर घेतलं तेव्हा तिचे ओठ निळे होते. अंगात नवऱ्याच्या दफनाच्या वेळचा काळा कोट. होडीच्या तळाशी हिरव्या फांद्यांचं, लाल बोरं खोवलेलं एक चक्र होतं, थडग्यावर ठेवतात तसलं. सकाळी घाईघाईत तिने केलेलं. रुनारसाठी. त्याने ते बघितलं आणि पायाने तसंच फळीखाली सरकवलं.

काठावर लागलो तर चाहते रडत, हसत धावत आले. नवा भाग आला होता. नाखवा मेला नव्हता. तिसऱ्या खोक्यात तो नव्हता, कारण तो चौथ्या खोक्यात होता. वेगळा विकायचा होता. एवढंच होतं. दोन मिनिटांत त्यांच्यात नवा वाद सुरू झाला, एका नाखव्यासाठी दोन खोके घ्यायला लावणं म्हणजे शुद्ध लूट आहे की नाही. ओत्सो मात्र उतारावर गुडघ्यांवर बसला होता आणि हुंदके देत होता. रुनार त्याच्यापाशी थांबला. खिशातून एक काळी गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ओत्सोने ती खाल्ली.

एल्लेन दुसऱ्याच दिवशी आली, मला म्हणाली, मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, अगं, तू सही केली होतीस, आणि आम्ही खोक्यावरचं चित्र वाचत बसलो होतो. कोणी कोणाला काय बोलायचं?

गुनवोर ताप उतरेपर्यंत रुनारकडे राहिली. ताप उतरला, पण त्या दिवसातलं काहीतरी उतरलं नाही. सूप वाढताना ती मधेच थांबायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. तो खोलीबाहेर गेला की परत येताना त्याने दाराशी काहीतरी बोलून आत यावं लागे. काहीही, पण बोलायचं. नुसता आला तर ती किंचाळायची. ती आल्शेरला परतली, तेव्हा तो तिला सोडायला गेला आणि चार दिवसांनी परत आला. मग आठ दिवसांसाठी गेला. समुद्रावर बर्फ धरायच्या आत त्याने नोकरी सोडली आणि सामान तिकडे हलवलं. तराफ्यावर आता कोणी तरुण मुलगा आहे. चांगला आहे, नम्र आहे.

सामानाचं शेवटचं खोकं न्यायला रुनार आला तेव्हा आम्ही लाल खोलीत कॉफी प्यायलो. तो फार वाळला होता. ते पोट, ज्याला गोल ठोकळा मिळत नव्हता, ते कुठेतरी गेलं होतं. मी विचारलं, गुनवोर बरी आहे ना? तो म्हणाला, बरी आहे, मेंढ्या बघते, माझ्याशी भांडते. मग त्याने कप बशीत ठेवला आणि दाराकडे बघितलं, बाहेर कोणी नाही ना म्हणून. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण तो माझ्याशी इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

"रोज सकाळी कॉफीच्या आधी ती माझं मनगट धरून बघते, ब्रिता. मी काही बोलत नाही, बघू देतो. पण ती सोडते ना, की मग टेबलाखाली मीपण एकदा धरून बघतो."